कोथिंबिरीचं लेखापरीक्षण

परवा सकाळी पोहे झाले आणि घरात कोथिंबीर नाही, असं लक्षात आलं. आमच्याकडे कोथिंबिरीवाचून पोहे म्हणजे कुंकू न लावलेली लग्नपत्रिका. बाहेर पाऊस होता. मंडई दहा मिनिटांवर, छत्री दाराशी. पण दाराशी जाण्याआधी हात खिशाशी जातो, असा हा काळ आहे. मी अ‍ॅप उघडलं आणि एक जुडी मागवली. किंमत १८ रुपये. स्वस्त वाटली. पैसे भरले आणि मग, सुशिक्षित माणसं वाचतात तसं, बिल नंतर वाचलं.

कोथिंबीर १८. हाताळणी शुल्क ९. टोपली लहान असल्याबद्दल २०. घरी आणून देण्याचे १६. पाऊस पडत असल्याबद्दल १५. या चार शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १० रुपये ८० पैसे. शेवटी एका सत्कार्यासाठी देणगी २. एकूण ९० रुपये ८० पैसे.

ताज्या भाजीवर आपल्या देशात जीएसटी नाही, हे सरकारच्या दयाळूपणाचं लक्षण आहे. कोथिंबीर करमुक्त आहे. तिला हात लावला, की मात्र अठरा टक्के.

"अहो, या जुडीची देठं सोन्याची आहेत का?" बायकोने विचारलं. मी म्हणालो, "नाही, पावसाची आहेत." पोहे तोवर थंड झाले होते. ते गरम करण्याचं शुल्क तिने माझ्या खात्यावर लिहिलं असावं. आमच्या घरातली सगळी शुल्कं छुपी असतात.

आता कोणी म्हणेल की हा अन्याय आहे आणि सरकार झोपलंय. सरकारवर असा आळ घेऊ नये. सरकार या बाबतीत केव्हाच जागं झालेलं आहे. २०१० साली हॅरी ब्रिग्नल नावाच्या एका ब्रिटिश डिझायनरने या प्रकाराला 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. वेबसाइटची मांडणीच अशी करायची, की माणसाने जे करायचं ठरवलंय ते सोडून भलतंच करून बाहेर पडावं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली आणि फसवणुकीचे तेरा प्रकार मोजून दिले. तेरा! आपल्या भाषेत एखाद्या गोष्टीचे 'तीन तेरा' वाजतात. इथे तीनची भानगड न ठेवता थेट तेरावरच मुक्काम केला.

ती यादी वाचून मला मात्र भडभडून आलं. सगळे जुने ओळखीचे निघाले.

'खोटी घाई' घ्या. दोनच खोल्या उरल्यात आणि तीस जण त्यावर डोळा ठेवून आहेत, असं उदाहरण नियमांतच दिलं आहे. आमच्या भागातल्या मंगल कार्यालयाबाहेर 'साड्यांचा भव्य सेल, शेवटचे ३ दिवस' हा फलक मी माझ्या मुंजीपासून पाहतोय. ऊन-पावसाने त्यातला 'भव्य' पुसला गेला, 'शेवटचे' अजून ठळक आहे. 'आमिष दाखवून माल बदलणे' म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणे. 'वर्गणीचा सापळा' म्हणजे अभिमन्यू: आत शिरायला एक बोट पुरतं, बाहेर पडायला महारथींशी गाठ. आणि पहिल्या पानावर एक भाव, दुसऱ्यावर थोडा जास्त, पैसे भरताना आणखी जास्त, या 'ठिबक किंमती'ला तर आपण शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहीत होतो: थेंबे थेंबे तळे साचे. फरक इतकाच, की तेव्हा तळं आपलं असायचं.

हे तळं कसं साचतं ते पाहायचं असेल, तर झोमॅटोच्या 'प्लॅटफॉर्म फी'चा आलेख पाहावा. ऑगस्ट २०२३ मध्ये ती दर ऑर्डरमागे दोन रुपये होती. दोन रुपयांना कोण हरकत घेणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये दहा झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बारा. प्लॅटफॉर्म म्हटल्यावर आपल्याला रेल्वे आठवते. तिथे पाहुण्याला गाडीत बसवून द्यायला गेलेला माणूस दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढतो आणि निदान पायाखाली फलाट तरी असतो. इथे आपण आपल्याच सोफ्यावर बसलेले असतो.

पण तेरा प्रकारांत माझा आवडता तिसरा: लाजवून होकार घेणे. कोथिंबिरीच्या बिलातल्या त्या देणगीपुढे बरोबरची खूण आधीच करून ठेवली होती. पैसे भरताना तेवढी एक दिसली होती. ती काढायला गेलो, तर समोर दोन बटणं आली. एक मोठं, हिरवं: 'हो, मला मदत करायची आहे.' दुसरं बारीक, फिक्या राखाडी अक्षरांत: 'नको, मला काही वाटत नाही.' सकाळी नऊ वाजता, तोंडात दातांचा ब्रश असताना, दोन रुपयांसाठी 'मला काही वाटत नाही' असं लेखी देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सरकारी नियमांत विमानाच्या तिकिटाचं उदाहरण आहे: विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' अशी कबुली द्यावी लागते. न्यायालयातही आरोपीला याहून मवाळ शब्दांत विचारतात.

अर्थात, लाजवून होकार घेण्याचा शोध काही संगणकाच्या पदवीधरांनी लावलेला नाही. गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं पावतीपुस्तक उघडून प्रथम वरच्या मजल्यावरच्या देशपांड्यांचा आकडा दाखवतात, आणि मग पेनाचं टोपण काढून नुसती उभी राहतात. एक शब्द बोलत नाहीत. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन येणारे काका पोट भरलेल्या माणसाला 'म्हणजे आमच्या मुलीच्या लग्नात तुम्ही एवढंही करणार नाही?' असं विचारतात. वधुपक्ष, वरपक्ष, मंडळ आणि विमा एजंट मेहुणा या चौघांना बोलावलं असतं, तर तेराची यादी सहज तीसवर गेली असती.

'ग्राहकाच्या टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणे' हाही अपराध यादीत आहे. कोपऱ्यावरच्या शेठजींनी हा अपराध माझ्याशी बालपणभर केला. सुट्टे नाहीत म्हणून ते हातावर दोन चॉकलेटं ठेवायचे. मी न मागितलेला माल, माझ्याच पैशाने, माझ्याच हातावर. वडील एकदा घरी साठलेली वीस चॉकलेटं पुडीत बांधून घेऊन गेले आणि ती देऊन शेठजींकडून काडेपेट्या मागितल्या. शेठजी मनापासून हसले आणि त्यांनी दिल्याही. पुढे यूपीआय आलं, पैशांना पैसे मिळाले, आणि चॉकलेटाचं चलन व्यवहारातून कायमचं बाद झालं. नोटाबंदी गाजली, या चलनबंदीची कोणी दखलही घेतली नाही.

तर सरकारने चोऱ्या ओळखल्या, त्यांना नावं दिली, क्रमांक दिले. पुढे काय, असा प्रश्न आला. सरकारने २४ डिसेंबर २०२४ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या मुहूर्तावर, अ‍ॅपच्या फसवणुकीवर उतारा म्हणून दोन अ‍ॅप आणि एक डॅशबोर्ड दिला. काट्याने काटा काढावा, हे खरं. पण मोबाइलमध्ये जागा उरली पाहिजे.

आणि मग जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने खरा रामबाण सोडला. ऑनलाइन कंपन्यांना सल्ला दिला, की तीन महिन्यांत आपापल्या अ‍ॅपचं आपणच लेखापरीक्षण करा आणि आमच्याकडे फसवणुकीचा एकही प्रकार नाही, असं स्वतःच जाहीर करा.

आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त लेखापरीक्षक काका राहतात. आयुष्यभर त्यांनी सहकारी संस्थांची दप्तरं तपासली. चहापानाच्या खर्चात दडवलेलं काजूचं पाकीट ते वासावरून ओळखत. त्यांना ही बातमी वाचून दाखवली. काकांना हसताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. "कोणी करायचं लेखापरीक्षण?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "ज्याचं आहे त्यानेच." ते बराच वेळ गप्प बसले आणि मग हळहळत म्हणाले, "हे आमच्या वेळी असतं, तर सांगली, सातारा, सोलापूर, एसटीचे किती धक्के वाचले असते रे!"

नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल लागला. २६ मोठ्या कंपन्यांनी स्वघोषणापत्रं दिली. आम्ही आमचं तपासलं, आमच्यात काही सापडलं नाही. सरकारने ते कौतुकाने प्रसिद्धही केलं. विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासावी आणि सव्वीसच्या सव्वीस पहिल्या वर्गात यावेत, असा निकाल एखाद्या कोचिंग क्लासला लागला असता, तर त्याने चौकाचौकांत फोटो लावले असते.

हे वाचून मी अ‍ॅप उघडून पाहिलं. पावसाचं शुल्क होतं तिथेच होतं. फक्त बाहेर ऊन पडलं होतं.

या सगळ्यात एकदाच एका कंपनीने खरी माघार घेतलेली मला आठवते, आणि तीही कोथिंबिरीपायी. मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका आईला ब्लिंकिट अ‍ॅपवर कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडतात हे कळलं आणि त्या माउलीला धक्का बसला. मुलाने तो धक्का जगजाहीर केला. ब्लिंकिटच्या प्रमुखांनी जातीने लक्ष घातलं आणि भाजीबरोबर कोथिंबीर फुकट सुरू झाली. ना नोटीस, ना सुनावणी, ना तेरा कलमं. एका आईचं 'अगंबाई!' पुरलं. केंद्रीय प्राधिकरणावर दोन-चार मुंबईकर आयांची नेमणूक करून पाहायला काय हरकत आहे?

दुसरी माघार शब्दांपुरती होती. ३१ डिसेंबर २०२५ रोजी डिलिव्हरी कामगारांनी संप केला. दहा मिनिटांच्या शर्यतीत जीव जातो, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांना समजावलं, आणि ब्लिंकिटने जाहिरातीतून 'दहा मिनिटं' काढून टाकली. शब्द गेले. माझी जुडी घेऊन आलेला मुलगा मात्र जिना दोन-दोन पायऱ्यांनीच चढत होता. रेनकोटातून पाणी निथळत होतं. मी त्याला विचारलं, "पावसाचे पंधरा रुपये तुला मिळतात ना?" तो म्हणाला, "काका, रेटिंग द्या." आणि दोन-दोन पायऱ्यांनीच उतरला. लाजवून होकार घेण्याचे सगळे प्रकार अ‍ॅपमध्ये आहेत. या एका प्रश्नाची लाज कोणत्या बटणावर दाबायची ते मात्र कुठे सापडलं नाही.

दहा मिनिटांची घाई नसलेली खरेदीही आपल्याकडे होती. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तेव्हा शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचं सामान आधी नोंदवायची आणि आलं की कोणाच्या तरी घरात बसून वाटून घ्यायची. गुळाची ढेप फोडताना भांडणं होत असतील, पण ती समोरासमोर. महिन्याला पुरेल इतका पोक्त विचार एका बैठकीत करणारी ती माणसं. आम्हाला संध्याकाळच्या आमटीचा अंदाज दुपारी येत नाही, म्हणून पाऊस आमच्याकडून पंधरा रुपये घेतो.

दुसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन मंडईत गेलो. नेहमीच्या मावशींकडे मेथी घेतली. "कोथिंबीर घ्या दादा, शेवटच्या दोनच राहिल्यात," मावशी म्हणाल्या. गाळ्याच्या मागे गोणभर कोथिंबीर हिरवीगार दिसत होती. खोटी घाई, प्रकार पहिला. "नको," म्हणालो. "घ्या की, वहिनी रागावतील." लाजवून होकार, प्रकार तिसरा. "घ्या हो, घ्या." भुणभुण, प्रकार दहावा. शेवटी पिशवी बांधताना त्यांनी न विचारता त्यात चार मिरच्या आणि कढीपत्त्याची डहाळी सरकवली. टोपलीत गुपचूप वस्तू, प्रकार दुसरा.

"मावशी, मागे गोणी आहे आणि दोनच राहिल्यात म्हणता?" मी विचारलं. मावशी गोणीकडे बघून हसल्या. "मग पाच रुपये कमी द्या." तेरा प्रकारांपैकी चार त्यांनी एका मिनिटात केले होते, पकडल्यावर दंडही स्वतःच ठोठावला होता, आणि कढीपत्ता बिलात नव्हता.

घरी आल्यावर मी बायकोला गंभीरपणे सांगितलं, की यापुढे अ‍ॅपवरून काही मागवणार नाही. तिने विश्वास ठेवावा म्हणून सव्वीस कंपन्यांच्या धर्तीवर एक स्वघोषणापत्रही लिहून दिलं: 'मी माझ्या मोबाइलचं लेखापरीक्षण स्वतः केलं असून कालपासून त्यात एकही ऑर्डर आढळलेली नाही.' खाली सही, तारीख.

तिने कागद वाचला, घडी घालून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवला आणि हात पुढे केला.

"मोबाइल दाखवा."