भाऊंची मोहीम

बजाजनगरात पत्ता सांगताना गल्लीचं नाव कोणी घेत नाही. आरएल, आरएम, आरएच, आरएक्स अशी एमआयडीसीनं वाटून दिलेली अक्षरं आणि पुढं एक आकडा, झाला पत्ता. भाऊंना तेवढंही लागत नाही. मोरे चौकात “ते लढाईवाले भाऊ कुठं राहतात?” एवढंच विचारा. चहावाला किटली खाली न ठेवता मानेनंच गल्ली दाखवतो आणि वर विचारतो, “तुम्ही कोणत्या राज्याचे?”

भाऊ वाळूजच्या एका व्हेंडर कंपनीत प्लॅनिंगला आहेत. म्हणजे कोणता जॉब कोणत्या मशीनवर कधी चढेल हे सकाळी ठरवायचं आणि तो का चढला नाही याचा खुलासा संध्याकाळी लिहायचा. असा माणूस घरी येऊन हातपाय धुऊन टीव्हीसमोर पडेल असं आपल्याला वाटतं. भाऊ घरी येऊन तेच काम पुन्हा करतात, आणि तेही फुकट. यावेळी फक्त राक्षस, यक्ष आणि वेताळ यांच्यासाठी.

ही जात प्रत्येक मित्रमंडळात एक नग या प्रमाणात सापडते. क्रिकेटच्या मॅचला हा बॅट घेऊन येत नाही, वही घेऊन येतो. गणपतीत नाचत नाही, पावतीपुस्तक सांभाळतो. लहानपणी दिवाळीत किल्ला हाच करायचा, त्यावर हळीव हाच पेरायचा, आणि बाकीच्या पोरांनी मावळा हातात घेतला की ओरडायचा, “पहारा बदलायची वेळ झाली नाही अजून!” पुढं या पोरांची लग्नं होतात, हप्ते सुरू होतात, किल्ले विसरले जातात. पहारा बदलायची वेळ पाहणारा मात्र मोठा होऊन नकाशा काढतो.

भाऊंचं जग नऊ फूट बाय सहा फूट आहे. ते एका फ्लेक्सच्या पाठीवर आहे आणि फ्लेक्सच्या पोटावर कुणा भावी सरपंचांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. बजाजनगर नावाला नगर असलं तरी कारभार वडगाव कोल्हाटीच्या ग्रामपंचायतीचा, त्यामुळं इथं भावी सरपंचांचा तुटवडा कधीच नसतो. ट्यूबचा उजेड मागून आला की उत्तरेच्या डोंगररांगेतून त्यांचा गॉगल उगवतो आणि दक्षिण समुद्रावर ‘शुभेच्छुक’ उलटे तरंगू लागतात. खेळाडूंनी हा भूगोल बिनतक्रार मान्य केला आहे. गॉगलच्या डाव्या काचेत एक खिंड आहे. तिच्यापायी आतापर्यंत तीन तह मोडले.

या जगावर षट्कोनी घरं आहेत. भाऊंनी एम-३० चा नट ठेवला, भोवतीनं पेन फिरवलं, नट सरकवला, पुन्हा पेन फिरवलं. अडीच हजारांवर घरं भरली तेव्हा पावसाळा संपला होता. सैन्यही त्याच घराण्यातलं. एम-६ चा नट म्हणजे पायदळ, एम-८ घोडदळ, बेअरिंग म्हणजे हत्ती, आणि जुना स्पार्क प्लग उभा केला की तो राक्षस. शहराला वेढा पडला की त्याभोवती पिस्टन रिंग ठेवायची. माल सगळा भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेला, त्यामुळं कुबेराच्या यक्षसेनेची किंमत किलोत काढता येते.

नवख्या माणसासाठी एवढं सांगायला हवं, की नुसती टेबलावरची लढाई वेगळी आणि मोहीम वेगळी. लढाईत दोन्हीकडं सैन्य सारखं मांडतात, फासे टाकतात, कोणीतरी जिंकतो, चहा होतो. मोहिमेत त्या लढाईच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार, हे सगळं नकाशावर चालतं. दर महिन्याला प्रत्येक राजानं चिठ्ठीवर हुकूम लिहून पाठवायचा: कोणती फौज कुठं कूच करणार, मुक्काम कुठं, रसद कुठून, कर किती. कोण कुठं आहे हे फक्त पंचाला माहीत. दोन फौजा एका घरात आल्या, की मगच टेबल मांडायचं.

पंचाचं हे आसन भाऊंनी उगीच पटकावलेलं नाही, त्याला परंपरा आहे आणि ती ते ऐकवतात. प्रशियाच्या राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ साली नकाशावरचा युद्धखेळ सेनापतींपुढं मांडला, तेव्हाही दोन्ही पक्षांना एकमेकांची फौज दिसत नसे, मधे पंच बसलेला असे. पण भाऊंचं खरं दैवत इंग्लंडातला टोनी बाथ. त्यानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट हॉवर्डच्या कॉनन-कथांमधला हायबोरिया हा काल्पनिक मुलूख उचलला, त्यावर मित्रांना राज्यं वाटली आणि ती मोहीम वर्षानुवर्षं चालवली. सरदारांचे स्वभाव तो पत्ते वाटून ठरवी. १९७३ साली त्यानं मोहीम कशी उभारावी याचं पुस्तकच काढलं. हे सांगताना भाऊंचा आवाज जड होतो. खेळाडू तोवर मोबाइलमध्ये मान घालून बसलेले असतात.

खेळाडू सहा. एकेकाची निवड भाऊंनी डोळ्यांत तेल घालून केली, तरी व्हायचं तेच झालं: प्रत्येकानं कंपनीतला स्वभाव सिंहासनावर आणला. परभणीचा स्टोअरकीपर यक्षांचा राजा. त्यानं पहिलं वर्षभर कोणावर हल्ला केला नाही, नुसती ज्वारी साठवली, आणि कोणी मागितली की इंडेंट मागितला. पर्चेसवाला तीन कोटेशनं आल्याशिवाय तह करत नाही. क्वालिटीवाला फासा हातात घेतो, कड घासली आहे म्हणून रिजेक्ट करतो. मेंटेनन्सवाला वेताळांचा राजा, त्याचा फोन फक्त ब्रेकडाउन झाल्यावर लागतो. युनियनमधला जो आहे त्यानं राक्षसांच्या भाकरीचा प्रश्न एवढा लावून धरला की शेवटी त्याच्याच फौजेनं त्याच्याविरुद्ध संप केला. तो संप त्यानं स्वतःच घडवून आणला होता. सहावा एचआरचा. त्याचं पुढं येईल.

कराचं कलम भाऊंनी मराठेशाहीतून घेतलं: चौथाई २५ टक्के, वर सरदेशमुखी १० टक्के. नियम वाचून होताच पर्चेसवाल्यानं इनपुट क्रेडिट मिळेल का, असं विचारलं. भाऊंनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. पुढच्या रविवारी त्याचं उत्तर चार पानांत टाइप करून आणलं. इथंच हा माणूस कळतो. त्याला युद्ध नको आहे. त्याला युद्धाची व्यवस्था हवी आहे. पानिपत म्हटलं की आपल्याला विश्वासराव आठवतात, भाऊंना बुणगे आठवतात. लढणाऱ्याच्या मागं किती तोंडं, त्यांना रोज किती दाणा, बैल किती, ते बैल किती खातात. “१७६१ ला दाणागोटा संपला होता हो,” असं ते इतक्या कळकळीनं म्हणतात, जणू तो पाठवायचा यांच्याकडूनच राहिला होता.

तर एचआरवाला. त्याला एकदा वाटलं की आपली राजधानी सरहद्दीच्या फार जवळ आहे, ती दक्षिणेत हलवावी. त्यानं चिठ्ठीत एका ओळीत तसं लिहिलं. भाऊंच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. बजाजनगरात राहणाऱ्या माणसानं राजधानी हलवायची म्हणजे काय! मुहम्मद तुघलकानं १३२७ साली दिल्लीची राजधानी जिथं आणली ते दौलताबाद इथून गाडीला किक मारली की अर्ध्या तासावर. लगेच अभ्यासदौरा निघाला. भाऊंनी महाकोट दाखवला, खंदक दाखवला आणि अंधारीच्या त्या वळणावळणाच्या भुयारात सगळ्यांना उभं करून, शत्रू इथं कसा आंधळा होतो, आपला कोण परका कोण हे कसं कळत नाही, याचं वर्णन सुरू केलं. पाच जणांनी मोबाइलचे टॉर्च लावले. अंधारीचं युद्धशास्त्र तिथंच संपलं. एचआरवाल्यानं खाली येऊन पेरू खाल्ले आणि राजधानी आहे तिथंच ठेवायचं जाहीर केलं, कारण भाऊंच्या नव्या ‘तुघलक कलमा’नुसार वाटेत निम्मी प्रजा खर्ची पडणार होती आणि तिचा अहवाल त्यालाच लिहावा लागणार होता.

त्या दौऱ्याचा उपयोग झाला तो मेंटेनन्सवाल्याला. परतताना भाऊंनी मलिक अंबर सांगितला. १६१० साली खडकी वसवून आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घालणारा तोच, आणि १६२४ साली भातवडीला तलावाचं पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात घालणाराही तोच. पुढच्या हुकुमात वेताळराजानं नकाशावरचं वरचं धरण फोडलं. यक्षांची तीन गोदामं ज्वारीसकट वाहून गेली. स्टोअरकीपर दोन दिवस कोणाशी बोलला नाही. भाऊ मात्र रात्रभर जागून कोणत्या घरात किती चिखल आणि तो किती महिन्यांनी वाळेल याचा तक्ता करत बसले. आमच्या गल्लीत एवढा सुखी माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

आता या मोहिमांची खरी दुखरी जागा. टेबलावर सारखं सैन्य मांडून जो शूरपणे लढतो, तोच माणूस मोहिमेत कमालीचा शहाणा होतो. समोरचा आपल्याएवढा आहे असा नुसता संशय आला की मागं सरकतो. म्हणून बरोबरीची लढाई होतच नाही. होते ती तीनशे नटांविरुद्ध वीस नट अशी. आणि वीस नटवाला त्या रविवारी येतच नाही, त्याच्याकडं गावी लग्न असतं. तीनशेवाला वाट पाहतो, चहा पितो, निघून जातो. भाऊंच्या रोजनाम्यात त्या दिवशी ‘खिंडीत धुकं, लढाई तहकूब’ अशी नोंद होते. त्या खिंडीत वर्षातून इतके दिवस धुकं असतं की तिथं चहाचे मळे लागावेत.

दुसरी दुखरी जागा म्हणजे शिफ्ट. सैन्याला रात्री कूच करता येतं, राजाला येत नाही, कारण राजा नाइटला असतो. कोणाला सुट्टी शुक्रवारी, कोणाला रविवारी. एक फर्स्टला असला की दुसरा सेकंडला. आषाढीला छोट्या पंढरपूरची यात्रा भरली की नगर रोडच अडतो, त्यावरून भाऊंनी नकाशावर ‘यात्राकाळी रस्त्यावर वेग निम्मा’ असं कलम घातलं. पण न आलेल्या चिठ्ठीवर कलम काय घालणार? भाऊ फोन करत. “हुकूम पाठवला नाही तुम्ही.” पलीकडून, “भाऊ, ऑडिट आहे.” “अहो, तुमच्या राज्यात उठाव झालाय.” “होऊ द्या. ऑडिट झाल्यावर बघतो.”

याच घरात, याच दिवाणावर बसून वहिनी वीस बायकांची भिशी चालवतात. मोहटादेवीच्या मंदिरापासून ओॲसिस चौकापर्यंत पसरलेल्या वीस बायका. कोणाची सासू आजारी, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या नवऱ्याला ले-ऑफ. दर दहा तारखेला वीसच्या वीस पाकिटं हजर. एकही महिना चुकलेला नाही. नकाशाची घडी गादीखाली सरकवता सरकवता वहिनी एकदा सहज म्हणाल्या, “चिठ्ठ्या माझ्याकडं पाठवायला सांगा.”

वहिनींचा नियम एका ओळीचा होता. दहा तारखेपर्यंत प्रत्येकी दोनशे रुपये आणि हुकुमाची चिठ्ठी. दोन्ही वेळेत देणाऱ्यांत सोडत निघेल. नाही दिलं तर फोन त्या राजाला नाही, राजाच्या बायकोला जाईल.

त्या महिन्यात नऊ तारखेलाच सहाही हुकूम आले. मेंटेनन्सवाल्यानं तर पुढच्या महिन्याचाही देऊन ठेवला. आणि सगळे हुकूम एकाच वेळी आल्यामुळं कोणालाच मागं सरकायला सवड मिळाली नाही. गॉगलच्या डाव्या काचेत यक्ष आणि राक्षस समोरासमोर उभे राहिले, अगदी तोडीस तोड. गच्चीवर टेबल मांडलं गेलं. सेकंड शिफ्टची बस सोडून गेली तशी घरी जाणारी चारदोन माणसं जिना चढून वर आली आणि डबे हातात धरून बघत उभी राहिली. दीड वाजता राक्षसांची फळी फुटली. क्वालिटीवाल्यानं शेवटचा फासा तपासला आणि पास केला.

यक्षराज स्टोअरकीपर जिंकला होता. त्यानं जिंकलेले नट मोजून डब्यात भरले, डब्यावर तारीख टाकली आणि विचारलं, “भाऊ, आता?”

भाऊंना ऐकूच आलं नाही. ते मेलेल्या हत्तींचा चारा कोणाच्या नावे जमा करायचा याच्या विचारात होते.

परवा मला त्यांनी गेटपाशीच अडवलं. मेंटेनन्सवाल्याची बदली चाकणला झाली, वेताळांची गादी रिकामी आहे, नदीकाठचा मुलूख आहे, धरण तेवढं दुरुस्त करून घ्यावं लागेल.

“तुमची शिफ्ट कोणती?” भाऊंनी विचारलं.

“जनरल.”

भाऊंनी मागं वळून घरात हाक दिली, “अगं, ऐकलंस का? जनरलचा माणूस मिळाला! रविवारी सुट्टी असलेला!”

आतून कुकरच्या शिट्टीवरून आवाज आला, “बायकोचा नंबर घेऊन ठेवा त्यांच्या.”