नमुना

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, की विद्यापीठ गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मराठवाड्यातलं सगळं ज्ञान गोळा व्हायला लागतं. पेनड्राइव्हवर, आणि बहुतेकदा व्हायरससकट. दुकान दहा बाय बाराचं. दोन झेरॉक्स मशीन, तीन कॉम्प्युटर, स्पायरलची भोकं पाडायचं एक यंत्र आणि मामा.

मामा नेमके कुणाचे मामा, हे कुणालाच ठाऊक नाही. शिक्षण बारावीपर्यंत. पण 2006 साली राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने विद्यापीठीय विद्यार्थ्यांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून तिच्या सहाही गटांत मामांचा हात आहे. मानव्यविद्या म्हणू नका, वाणिज्य म्हणू नका, शेती, इंजिनिअरिंग, औषधनिर्माण, सगळी पोस्टरं इथूनच सुरनळी होऊन जातात. लोक एका विषयात पीएच.डी. करतात; मामांनी सगळ्या विषयांची पहिली पंचवीस पानं वाचलेली आहेत. (पुढची वाचायची गरज पडत नाही असं ते म्हणतात. मी स्वतः मास्तर असून मला ते खोडता आलेलं नाही.)

एम.ए.चा मुलगा येतो. मामा पडद्यावर मथळा वाचतात : ‘समाजमाध्यमांचा युवकांवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास.’

‘‘नमुना किती?’’

‘‘शंभर.’’

‘‘कसा निवडला?’’

‘‘यादृच्छिक, मामा.’’

‘‘म्हंजे होस्टेलचे. परिणाम झाला का?’’

‘‘झाला.’’

‘‘होणारच. गेल्या साली बी झाला होता.’’ आणि मामा ‘प्रिंट’ दाबतात.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ते मोजायला विद्यापीठाकडे सॉफ्टवेअर आहे. पण सॉफ्टवेअरला पाठ फक्त शब्द. मामांना पाठ चुका. ‘‘उद्दिष्ट्ये असं जोडाक्षर घालून लिहिणारी एकच बॅच होती. त्यातल्या कुणाचं उचललं तू?’’ मुलगा खाली बघतो. मामा जोडाक्षर मोडून देतात. टायपिंगचे वेगळे पैसे.

शिक्षणशास्त्रवाल्यांना कोणता गाईड किती शिफारशी मागतो, कॉमर्सवाल्यांना पाय चार्टात कोणता रंग झेरॉक्समध्ये काळा येतो, वनस्पतिशास्त्राच्या पोरींना कडुनिंबाच्या अर्काचा फोटो पोस्टरवर कुठे लावायचा, हे सल्ले फुकट. हार्डबाउंडवर सोनेरी अक्षरं हवी असतील तर दोन दिवस आधी सांगावं लागतं. ‘‘काल सबमिशन होतं,’’ असं म्हणत येणाऱ्याला मामा आधी चहा पाजतात.

मात्र मामांची खरी सेवा काउंटरच्या अलीकडची. प्रश्नावलीला 30 माणसं लागतात आणि 29 मिळतात, हा सामाजिक शास्त्रांचा मूलभूत नियम आहे. तिसावे मामा. आजवर ते कोरडवाहू शेतकरी झालेत, वाळूजचे कंत्राटी कामगार झालेत, हिमरू विणकर झालेत. एकदा तर महिला बचत गटाच्या अध्यक्षा होते आणि कर्जवाटपाबद्दल ‘पूर्णतः समाधानी’ होते. एरवी त्यांची खूण ‘अंशतः सहमत’वर. ‘‘सरांना तेच आवडतं. त्याच्यावर दोन पानं लिहिता येतात.’’ तंत्रज्ञानाचीही सेवा घडली आहे. अंधांसाठी स्मार्ट काठी ही इंजिनिअरिंगच्या प्रत्येक बॅचला नव्याने सुचते. तिच्या चाचणीसाठी मामा डोळे मिटून दुकानात चालले. काठीने शिट्टी वाजवली, पण मामा झेरॉक्स मशीनवर आदळल्यावर. निष्कर्षात ‘उपकरण अडथळा अचूक ओळखते’ असं छापून गेलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एका विषयाची मात्र मामा चेष्टा करत नाहीत. स्थापत्यची मुलं नहर-ए-अंबरीचे नकाशे घेऊन आली, की ते खुर्ची ओढून बसतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबराने डोंगरातलं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर, एकही पंप न लावता शहरात आणलं. ‘‘आन् आपलं जायकवाडी धरण 1976 पासून भरायलंय,’’ मामा म्हणतात, ‘‘पन्नासेक किलोमीटरवर. तेवढं नळापोतर यायला त्याला किती दिस लागतात, ते इचारा मला.’’

कुणी विचारत नाही. कारण ते प्रश्नावलीत नसतं.

गेल्या वर्षी पर्यावरणशास्त्राच्या एका पोरीने विचारलं. मामांनी मशीनच्या मागून प्लास्टिकची पिशवी काढली. आत कालनिर्णयची चौदा वर्षं. तारखेच्या चौकटीत बारीक अक्षर : रात्री 2.40, 50 मिनिटं, गढूळ. पुढे सहा रिकाम्या चौकटी. मग : पहाटे 4.10, 35 मिनिटं, धार बारीक, मामी उठल्या नाहीत. याची सुरुवात संशोधनासाठी झालेली नव्हती. मागचं पाणी मंगळवारी आलं की बुधवारी, यावरून मामींशी वाद झाला होता आणि मामा हरले होते. पुन्हा हरायचं नाही म्हणून पुरावा ठेवायला लागले.

पोरगी जमिनीवरच बसली. तासाभराने मान वर केली.

‘‘मामा, नमुना एकच घर आहे. सर मान्य करतील?’’

‘‘नाही करणार. सरांचं बरोबर आहे.’’ मग जरा थांबून, ‘‘पण घर खरं आहे.’’

‘‘आणि या मे महिन्यात अकरा दिवस काहीच लिहिलं नाही. पाणी नव्हतं?’’

‘‘मी नव्हतो. परभणीला लग्न होतं.’’

‘‘मग आधीच्या-नंतरच्या तारखा बघून भरून टाकू? टेबलात गॅप दिसला की परीक्षक तिथंच बोट ठेवतात.’’

मी तिथेच उभा होतो. विद्यार्थ्यांची मूल्यमापन पत्रकं झेरॉक्सला टाकली होती. बचत गटाच्या माजी अध्यक्षा आता काय म्हणतात म्हणून मान वर केली. मामांनी कॅलेंडर तिच्या हातातून काढून घेतलं.

‘‘नव्हतो तर नव्हतो. कोरंच ऱ्हाऊ दे.’’

मग स्वतः कीबोर्डवर बसून त्यांनी टेबलाखाली टीप टाइप केली : ‘सदर कालावधीत निरीक्षक लग्नकार्यानिमित्त परगावी.’ ‘निरीक्षक’ हा शब्द त्यांनी दोनदा पुसला आणि तिसऱ्यांदा तसाच ठेवला.

‘‘168 झेरॉक्स, दोन रुपयांनी 336,’’ ते म्हणाले. ‘‘स्पायरल करायचं का?’’