मुलगा होतकरू आहे

ऑक्टोबरातली दुपार. ॲरिझोनातल्या मेसा गावी पारा पस्तिशीला टेकलेला. पंधरा हजार माणसं बसतील एवढं स्टेडियम आणि आत, उदारपणे मोजली तर, चारशे डोकी. त्यातली निम्मी सावलीच्या तुकड्याबरोबर दर अर्ध्या तासाला खुर्च्या बदलणारी. एक गृहस्थ मात्र होम प्लेटच्या बरोबर मागे, जाळीपासून पाचव्या रांगेत, भर उन्हात ठाण मांडून बसलेले. रुंद काठाची टोपी, नाकावर पांढरं मलम, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही, पायाशी बर्फाचा डबा. वाट चुकून आलेला कुणी प्रवासी शेजारी टेकतो आणि सामन्याला गेल्यावर सभ्य माणसाने जे विचारावं ते विचारतो : "स्कोअर काय झाला?"

गृहस्थ वहीत बघतात. पान उलटतात, पुन्हा मागे येतात. दुसऱ्या इनिंगमधल्या चौथ्या चेंडूचा वेग वहीत आहे. तिसऱ्या बॅटरला पहिल्या बेसपर्यंत धावायला लागलेले ४.१८ सेकंद आहेत. कॅचरने उठून दुसऱ्या बेसवर चेंडू पोचवायला घेतलेले २.०१ सेकंद आहेत. धावा नाहीत. शेवटी मान वर करून ते फलकाकडे बघतात, आणि प्रवाशाबरोबर त्यांनाही स्कोअर कळतो.

ही ॲरिझोना फॉल लीग. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगचे तीस क्लब आपापली मूठभर पोरं शरद ऋतूत इथे शिकवणीला धाडतात. पाच-पाच क्लबांची पोरं एकत्र करून सहा संघ बनवतात, आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ साधारण तीस सामने खेळतो. रोलंड हेमंड या जुन्याजाणत्या व्यवस्थापकाच्या डोक्यातून १९९२ मध्ये निघालेली ही कल्पना. तोवर अशी पोरं हिवाळ्यात कॅरिबियन देशांत जाऊन खेळत. ती आपल्या नजरेसमोर असावीत, ही त्यामागची काळजी. संघांची नावं वाळवंटातून उचललेली : सॉल्ट रिव्हर राफ्टर्स, स्कॉट्सडेल स्कॉर्पियन्स, पिओरिया हाव्हेलिनाज. हाव्हेलिना म्हणजे रानडुकरासारखा दिसणारा, पण डुक्कर नसलेला एक तिरसट प्राणी. संघ दर वर्षी नव्याने जुळतात आणि सहा आठवड्यांत मोडतात, त्यामुळे कोण जिंकलं याने खेळाडूंच्याही आयुष्यात फारसा फरक पडत नाही. मग मामांच्या कशाला पडेल?

मामा हे नाव त्या वहीवाल्या गृहस्थांना आपण द्यायचं. ज्या पोराला तिकडे प्रॉस्पेक्ट म्हणतात, त्याच्यासाठी आपल्याकडे होतकरू हा नेमका शब्द आहे, आणि तो सगळ्यात जास्त झिजला आहे तो लग्नं जुळवण्यात. मुलगा होतकरू आहे, याचा अर्थ सध्या त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही. हे वाक्य ठामपणे उच्चारायला घराघरात एक मामा असतो. स्वतःच्या खिशातलं काही जात नसल्यामुळे त्याची मतं स्वच्छ असतात. फीनिक्सच्या आसपासच्या या सहा मैदानांवर बसणारे बेसबॉलचे मामा त्याच गोत्राचे. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी रजा साठवून ओहायोहून आलेला हिशेबनीस. दुपारी एका गावात बघण्याचा कार्यक्रम, मग साठ-सत्तर किलोमीटर गाडी हाणून संध्याकाळी दुसऱ्या गावात.

पत्रिका जुळवायची त्यांची रीतही पक्की आहे. पाच गुण बघायचे : फटका लागतो का, लांब जातो का, पळतो कसा, हात किती जोरकस, झेलतो-अडवतो कसा. प्रत्येक गुणाला वीस ते ऐंशी यांमधला आकडा द्यायचा. पन्नास म्हणजे मोठ्या लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. वीसच्या खाली काही नाही, ऐंशीच्या वर काही नाही. शून्य ते शंभर का नको, हे विचारणाऱ्याकडे मामा अशा नजरेने बघतात, की जणू गुण छत्तीसच का, असं कुणी गुरुजींना विचारलं असावं. या पट्टीचं पितृत्व ब्रँच रिकी यांच्याकडे जातं, म्हणजे ज्यांनी १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला ब्रुकलिन डॉजर्समधून मैदानात उतरवून गोऱ्या-काळ्यांची भिंत पाडली त्यांच्याकडे. त्यांनी माणसं पारखली यात शंका नाही. मामाही पारखतात, आणि आकड्यांत मावत नाही ते शब्दांत सांगतात. "खांदे बघा, अजून अंग भरेल." "मनगट झकास आहे." आणि सगळं संपल्यावर, अगदीच काही बोलायला उरलं नाही तर, "चेहरा चांगला आहे." हा शेवटचा शेरा थट्टेतला वाटेल, पण जुने स्काउट खरोखर तो देत आले आहेत. चांगला चेहरा म्हणजे देखणा नव्हे. पुढे खेळाडू होईल असा.

खरे स्काउट मामांच्या पुढच्याच रांगांत असतात. क्लबांचे पगारी लोक. हातात चेंडूचा वेग मोजणारी रडार गन, चेहऱ्यावर काहीच नाही. त्यांच्याशेजारी उद्या-परवा खेळायचे असलेले पिचर घरच्या कपड्यांत बसून प्रत्येक चेंडूची नोंद करत असतात. मामांची जागा नेहमी अशी, की मान थोडी कलती केली तर एखाद्या गनवरचा आकडा दिसावा. दिसला की ते हळूच पुटपुटतात, "सत्त्याण्णव." ताशी मैल. शेजारचे दुसरे मामा म्हणतात, "माझ्या बाजूने शहाण्णव." यावर पुढच्या तीन इनिंग जातात.

मामांमध्येही पोटजाती आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. एक जात काल्पनिक लीगवाल्यांची. ही मंडळी कागदावर स्वतःचे संघ चालवतात, आणि त्यांच्यातला कडवा पंथ खेळाडू वर्षानुवर्षं आपल्या यादीत जपून ठेवतो. त्यामुळे आज एकोणीस वर्षांचा असलेला पोरगा चार वर्षांनी काय करील याची त्याला जावयासारखी काळजी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते 'फर्स्ट पिच ॲरिझोना' नावाच्या मेळाव्यासाठी देशभरातून गोळा होतात, एरवी चर्चा करतात आणि सामन्याच्या वेळी मैदानावर धावतात. दुसरी जात कार्डवाल्यांची. खेळाडूच्या पहिल्यावहिल्या छापील कार्डावर सही घेण्यासाठी ते कुंपणाला लटकलेले असतात. खेळ सुरू झाला की यांचं काम संपतं. शुद्ध मामा त्यांना व्यापारी म्हणून नाक मुरडतात. पण माइक ट्राउटचं २००९ सालचं, जगात एकच प्रत असलेलं कार्ड २०२० च्या लिलावात ३९ लाख डॉलरच्या वर गेलं, ही बातमी त्यांनाही तोंडपाठ आहे.

ट्राउट हा मामांचा दुखरा दात आहे.

२०११ च्या शरदात स्कॉट्सडेल स्कॉर्पियन्सच्या एकाच संघात ट्राउट आणि ब्राइस हार्पर दोघेही होते. पुढच्याच वर्षी दोघांनी मोठ्या लीगच्या आपापल्या शाखेत सर्वोत्तम नवोदिताचा मान पटकावला, ट्राउटने तर एकमताने. आता ॲरिझोनात त्या शरदात ट्राउटची सरासरी किती होती? .२४५, म्हणजे चार वेळा बॅट घेऊन उतरला तर जेमतेम एकदा धड फटका. पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक मामा सांगतो की त्याने तेव्हाच ओळखलं होतं. वहीतलं ते पान मागितलं की मात्र ती वही नेमकी दुसऱ्या घरी असते. खोदून विचारलं तर उत्तर येतं, "पोरगा दमला होता हो." ते खरंही आहे, त्याच उन्हाळ्यात तो मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा खेळून आला होता. पण दमल्याचं लक्षात आलं ते नंतर.

उलट बाजूची उदाहरणं मामा स्वतःहून काढत नाहीत. २०१२ च्या फॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मानकरी ख्रिस मॅकगिनेस. मोठ्या लीगमध्ये त्याच्या वाट्याला पुढच्या वर्षी जेमतेम दहा सामने आले. आदल्या वर्षीचा मानकरी नोलन अरेनाडो, २०१३ चा क्रिस ब्रायंट, २०१७ चा रोनाल्ड अकुन्या. ही नावं घेताना मामांचा आवाज चढतो, मधला २०१२ खोकल्यात जातो. ब्रायन टेलरचं तर नावही निघत नाही. १९९१ मध्ये क्लबांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा यांकीज क्लबने त्याला सगळ्यांत आधी उचलला, साडेपंधरा लाख डॉलर मोजले, दुसऱ्या वर्षी 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकाने होतकरूंच्या यादीत तो पहिला ठेवला. १९९३ मध्ये भावासाठी हाणामारीत पडला, खांदा गेला, आणि मोठ्या लीगचं मैदान त्याने कधी पाहिलं नाही. या धंद्यात घटस्फोटांची नोंदवही ठेवत नाहीत. त्याऐवजी माइक पियाझा सांगतात : १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत, १,३९० वा, तोही वडिलांच्या ओळखीवर घेतलेला; २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये. पियाझाचा उपयोग असा, की तो असेपर्यंत कुठल्याही पोराला नाही म्हणता येत नाही.

मायकेल जॉर्डन बास्केटबॉल सोडून १९९४ च्या शरदात स्कॉर्पियन्सकडून खेळायला आला, तेव्हा या ओस मैदानांवर माणूस मावेना. सरासरी .२५२, ज्याने शाळेनंतर वर्षानुवर्षं बॅट हातात धरली नव्हती त्याच्यासाठी हे वाईट नाही, असं सगळे म्हणाले. मामांना विचारलं तर तोंड वाकडं होतं. गर्दीचा त्रास झाला होता. शिवाय त्याच हंगामात डेरेक जीटर नावाचा वीस वर्षांचा पोरगा तिथेच शॉर्टस्टॉपला उभा होता आणि लोक बघत होते एकतीस वर्षांच्या नवरदेवाला! २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा टिम टीबो आला. .१९४. मामा त्या दिवसांत पलीकडच्या मैदानावर गेले.

लीग स्वतःही प्रयोगशाळा आहे, आणि यात मामांना विनाकारण श्रेय वाटतं. पिचरला वीस सेकंदांत चेंडू टाकायला लावणारं घड्याळ २०१४ मध्ये सॉल्ट रिव्हरच्या मैदानावर आधी आजमावलं गेलं. मोठ्या लीगमध्ये घड्याळ आलं ते २०२३ ला. २०१९ मध्ये त्याच मैदानावर चेंडू स्ट्राइक की बॉल हे यंत्राने ठरवायचं आणि पंचाने ते कानात ऐकून मोठ्याने सांगायचं असा प्रयोग झाला. जेकब हेवर्ड नावाच्या बॅटरला एक निर्णय पटला नाही. यंत्र तर तिथे नव्हतं, म्हणून तो पंचाशी भांडला. पंचाने, ज्याने काही ठरवलंच नव्हतं, त्याला मैदानाबाहेर काढलं. हा किस्सा सांगताना मामा पंचाचं, हेवर्डचं आणि यंत्राचं अशी तिन्ही कामं करतात, आणि यंत्राचं सगळ्यात चांगलं वठतं.

मामांची सगळ्यात मोठी अडचण नातेवाइकांची. एवढ्या रिकाम्या मैदानात हळू बोललेलंही तिसऱ्या बेसवर ऐकू जातं, आणि पुढच्या रांगेतली अनोळखी बाई हमखास कुणाची तरी आई असते. एका संध्याकाळी मामा शेजाऱ्याला समजावत होते, की या पोराला वळणारा चेंडू कळत नाही, कंबर आधीच फिरते, आणि इथल्या कोरड्या हवेत व दमलेल्या पिचरांसमोर तर कुणीही चेंडू लांब मारील. बाई वळल्या. म्हणाल्या, "माझा मुलगा आहे तो." बघण्याच्या कार्यक्रमात दारामागून वधूमाय सगळं ऐकत होती, हे कळल्यावर जी शांतता पडते ती पडली. मग मामा सावरून म्हणाले, "चेहरा मात्र फार चांगला आहे." बाईंनी डब्यातल्या सोललेल्या संत्र्याच्या फोडी पुढे केल्या. त्या रात्री वहीत पोराच्या नावापुढे चाळीसचा आकडा खोडून पंचेचाळीस झाला.

सहा मैदानांपैकी एक सरप्राइज या गावी आहे. १९३८ मध्ये फ्लोरा मे स्टॅटलर या बाईंनी ही वसाहत आखली आणि, सांगतात असं, की हे गाव नावारूपाला आलं तर मला आश्चर्यच वाटेल म्हणून हे नाव ठेवलं. २०२० च्या जनगणनेत तिथे १ लाख ४३ हजारांवर लोक निघाले. मामा दर वर्षी हे नवख्यांना ऐकवतात. वीस ते ऐंशीच्या पट्टीवर बाईंनी गावाला किती दिले असते, याचा त्यांचा अंदाज तीस आहे.

गंमत अशी, की पोरगा खरंच मोठा झाला की मामांचा जीव त्यातून उडतो. साखरपुड्यापर्यंत घरचं कार्य असल्यासारखे राबायचे, संसार सुरू झाला की त्या घरी फिरकायचं नाही. फेब्रुवारीत याच मैदानांवर मोठे क्लब हंगामापूर्वीच्या सरावासाठी येतात. तिकिटं महागतात, गाड्या लावायला जागा नसते, आणि पूर्वी मामांनी ज्याचे सेकंद मोजले तो आता करोडो डॉलरचा धनी होऊन हजारो लोकांसमोर उभा असतो. आतून आरोळी उठते. मामा तेव्हा स्टेडियमच्या मागच्या बाजूला असतात. तिथे सरावाची साधी मैदानं आहेत, तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, म्हणून घडीची खुर्ची त्यांनी बरोबर आणलेली आहे. कुंपणापलीकडे डोमिनिकन रिपब्लिकहून आलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं पळताहेत. शर्टावर नुसते आकडे, नाव कुणाचंच नाही. मामा स्टॉपवॉचचा खटका दाबतात, काट्याकडे बघतात, पुन्हा एकदा बघतात, आणि बाजूने चेंडूंची बादली घेऊन जाणाऱ्या माणसाला हाक मारतात :

"अहो, तो सत्त्याऐंशी नंबरचा कुणाचा?"