शून्य उत्सर्जनाची झोळी

दवाखाना हरित कसा करावा, हे शिकायला परदेशी तज्ज्ञ कशाला? सातपुड्यात या. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर धूर न सोडणारी रुग्णवाहिका केव्हाच रुजू आहे: एक बांबू, एक चादर, दोन खांदे, बदलीला आणखी दोन. इंधन म्हणाल तर सकाळची भाकर. भोंगाही नाही, आत बाळंतीण कण्हते, तेवढंच ध्वनिप्रदूषण.

हवेतून प्राणवायू काढणारे प्रकल्प याच नंदुरबार जिल्ह्याने 2020-21मध्येच उभारले, देशभर कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण ती हवा घ्यायला आधी खाली पोचावं लागतं. 2016च्या नियमांनी दवाखान्याच्या कचऱ्याला पिवळा, लाल, पांढरा, निळा असे रंग वाटून दिलेत. झोळीच्या वाट्याला कुठलाच आला नाही.

रस्ता? छे हो, झाडं तुटतील!