मिर्झाराजांचा जामा आणि शनवारची घाई

बाळापुरात नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्री उभी आहे. १६६५ साली पुरंदरचा तह करून घेणारे तेच. ती पाहता पाहता मला त्यांच्या काळचा जामा शिवायची हौस आली. कळ्यांचा मोठा घेर, छातीवर एकावर एक येणारे पदर, कडेला बंद. हे बंद डावीकडे बांधायचे की उजवीकडे, यावरून त्या काळी माणसाचा धर्म ओळखत. मी आधी उलटे लावले. धर्मांतर निस्तरायला दोन रविवार गेले.

शिवतो हातानेच. सिंगरचं पेटंट १८५१ चं, मग मिर्झाराजांच्या अंगावर यंत्राची टीप कशी चालेल? अस्तराचा धावदोरा गेल्या पोळ्याला घातला, तो अजून तिथंच आहे. घाई कोणाला? पुरंदरला तर निघायचं नाही.

पण आपल्याकडे विनाकारण सुई हातात धरलेला माणूस लोकांना पाहवत नाही. शेजारचे भाऊ आलेच. "काय भाऊ, दुकान टाकलं काय?"

"नाही, हौस."

"मंग पैसे नाही भेटत तं कायले शिवता?" थोडं थांबून, "आमच्या पोराले गॅदरिंगमंदी मावळा कराचा हाय. शनवारपावतर अंगरखा होऊन जाईन न? मांगून चेन लावजा, बंद बांधत कोन बसते! अन् कपडा टेरिकॉटचाच घ्या, इस्तरीची कटकट नाही."

शनिवारी मावळा चेन ओढून गडावर चढला. जामा अजून एका बाहीवर आहे.