मुखवटेवाले पाव्हणे

अमेरिकेतल्या पोरांनी १९४९ ते १९५७ या काळात टीव्हीसमोर मांडी ठोकून ‘लोन रेंजर’ पाहिला. एकूण २२१ भाग. डोळ्यांवर काळी पट्टी, बुडाखाली सिल्व्हर नावाचा पांढराशुभ्र घोडा, मागे रोसिनीचं दणदणीत संगीत, आणि काम फत्ते करून स्वारी निघाली की मागं उरलेल्यांपैकी कोणीतरी विचारणार, हा मुखवटेवाला कोण होता? बुलढाण्याजवळच्या देऊळघाटातली पोरं या सुखाला मुकली, कारण मुंबईत दूरदर्शन सुरू व्हायलाच १९७२ उजाडलं. पण मालिका वेळेवर पोचली असती तरी तिथं ती कोणाला पटली नसती, असं माझं ठाम मत आहे. मुखवट्याला एकतर गर्दी लागते, नाहीतर ओसाडी. गावाजवळ या दोन्ही गोष्टी नसतात.

पुरावे मालिकेतच आहेत. सहा रेंजरांवर दबा धरून हल्ला होतो, पाच मरतात, आणि वाचलेला सहावा आपल्या मेलेल्या भावाच्या बंडीचं कापड कापून मुखवटा करतो. पैनगंगेकाठी हे प्रकरण शिंप्याच्या दुकानापुढे गेलं नसतं. आपल्या हातची शिलाई कोणता शिंपी विसरतो? पुढे चांदीच्या गोळ्या. अमेरिकेत ज्याला अशी गोळी मिळते तो ती तळहातावर घेऊन भारावल्यासारखा बघत बसतो. देऊळघाटात ती संध्याकाळच्या आत सोनाराकडे गेली असती. सोनारानं कसोटीवर घासून माल अस्सल असल्याचं सांगितलं असतं आणि वर, कालच अशी दुसरी एक येऊन गेली, हेही. आणि घोडा! ज्या गावात बैलाच्या शिंगांवरून मालकाचं नाव सांगतात, तिथं पांढऱ्या घोड्यावर बसून ओळख लपवायची म्हणजे कमालच.

कोणी म्हणेल, आपल्याकडे बहिर्जी नाईक झालेच की. झाले, पण वेशांतर आणि मुखवटा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेश बदललेल्याकडे कोणी वळून पाहत नाही, पट्टी बांधलेल्याकडे सगळे पाहतात. शिवाय नाईक हेरगिरीला परक्या मुलखात जात. आपल्याच गावच्या पारावर बसून ‘मी तो नव्हेच’ म्हणणं त्यांनाही जड गेलं असतं. दुसरा आक्षेप अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या काळापहाडाचा. तो आमच्या बाजूचाच साक्षीदार आहे, कारण त्याचं राज्य मुंबईत, जिथं शेजाऱ्याचं नाव दारावरची पाटी वाचून कळतं. चित्रकथांमधला मुखवटेवाला वेताळ घनदाट जंगलात राहतो, त्याचंही भागतं.

मुखवट्यानं ओळख लपत नाही, उलट तीच ओळख होते, हे पुढं अमेरिकन कोर्टातही दिसलं. नायकाचं काम करणारा क्लेटन मूर म्हातारपणीही मुखवटा लावून कार्यक्रम करायचा. हक्कदार कंपनीनं १९७९ साली कोर्टाकडून त्यालाच मनाई आणली. गडी मोठा काळा चष्मा लावून हिंडला, आणि १९८४ साली कंपनीनं माघार घेतली तेव्हा मुखवटा परत मिळाला. देऊळघाटात पट्टी काय, चष्मा काय, चालीवरूनच सांगितलं असतं.

राहता राहिला लोन रेंजरचा जोडीदार टोंटो, म्हणजे जे सिल्व्हरहील्स, मोहॉक जमातीचा उमदा नट. त्याला मुखवटा नाही, म्हणून शहरात बातमी काढायला दरवेळी यालाच धाडायचं, आणि बऱ्याचदा मार खायलाही यालाच. त्याच्या वाट्याला आलेला हा अन्याय देऊळघाटात तरी झाला नसता. तिथं त्याला चहाच्या टपरीवर बाकडं सरकवून दिलं असतं. ‘पाव्हणे, कोण्या गावचे?’ एवढ्यावर सुरुवात. चोर कुठं लपलेत हे पहिल्या कपात कळलं असतं. फक्त दुसरा कप संपेस्तोवर जोडीदाराचं नाव, त्याचं मूळ गाव, घोडा केवढ्याला घेतला आणि एवढं चांगलं कमावता तर पोराचं लग्न अजून का केलं नाही, या सगळ्याचा हिशेब टोंटोला देऊन उठावं लागलं असतं.