साडेतीन मुहूर्तांची गाडी

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असा असतो, ज्याची गाडी विकली जाणार असते. गेली नऊ वर्षं विकली जाणार असते. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत हे पद नानांकडे आहे. गाडी २०११ सालची वॅगन आर. रंग चंदेरी, म्हणजे आठवडाभर धुतली नाही तरी कळू नये असा. आणि तिच्या जागी येणार असते ती बीएमडब्ल्यूची झेड-फोर. लाल, दोन सीटांची, बटण दाबलं की छत उघडणारी. अर्थात जुनी; पण 'डॉक्टरांची'. पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच असते. बाकीचे लोक गाड्या वापरून कुठे टाकतात, देव जाणे.

निर्णय मुहूर्तावरच होतो. पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला आणि दसऱ्याला नाना पूर्ण निर्णय घेतात, बलिप्रतिपदेला अर्धा. मग आंब्याच्या पेट्या आणायच्या असतात, मग पावसात छत गळेल का हा प्रश्न असतो, मग गणपती, मग पितृपक्षात कुणी गाडी घेतं का, आणि दिवाळीनंतर लग्नसराई. वर्ष संपतं; वॅगन आरचा विमा भरला जातो.

या सगळ्याचं मूळ १० मार्च १९८५ या तारखेत आहे. त्या दिवशी मेलबर्नला रवी शास्त्रीला ऑडी मिळाली. वाड्याच्या मालकांकडच्या टीव्हीवर नानांनी ती पाहिली. टपावर, बॉनेटवर, आत, जागा मिळेल तिथे आपला अख्खा संघ बसलेला आणि गाडी मैदानाला चक्कर मारतेय. "ती ऑडी १०० होती, नाना. साधी चार दारांची," मी एकदा म्हणालो. "खेळात मिळाली ना? मग स्पोर्ट्स कार," नाना म्हणाले. पुढे २००२ मध्ये सचिनला फेरारी मिळाली, तेव्हा त्यांनी ती घरचंच कार्य असल्यासारखी मानली. कस्टम ड्यूटीच्या वादात ते सचिनच्या बाजूने होते आणि वॅगन आरच्या पार्किंगच्या पावतीवरून मात्र महापालिकेशी भांडत होते.

गंमत अशी, की हे नाना तीस वर्षं सहकारी बँकेत कर्ज खात्यात होते. समोर आलेल्या तरुणाला चष्म्यावरून बघत "दुचाकीने भागत नाही का?" असं विचारून त्यांनी किती जणांच्या गाड्या जन्माआधीच मोडीत काढल्या असतील! आता स्वतःचाच अर्ज ते स्वतःपुढे ठेवतात. कागदाच्या डाव्या बाजूला 'प्रयोजन' असा रकाना, त्यात 'हौस'. उजवीकडे त्यांचाच शेरा: 'प्रयोजन असमाधानकारक. फेरविचारार्थ परत.'

पण त्यांचा अभ्यास पक्का. छत उघडलं की ते घडी होऊन डिकीत बसतं, आणि ३१० लिटरची डिकी १८० लिटरची होते. "म्हणजे बरोब्बर आपल्या वॅगन आरएवढी!" नाना विजयाने सांगतात. "व्यवहारात फरक शून्य." एक्स्प्रेसवेवर शंभरची मर्यादा आहे, घाटात तर साठचीच, मग अडीचशेच्या वेगाचं करायचं काय? "ते असतात, वापरायचे नसतात. बँकेच्या राखीव निधीसारखे."

एकच अडचण त्यांना खरी वाटते: गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून होडीसारखी जाते. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाची उंची मात्र त्या दिवशी कंत्राटदाराकडे किती डांबर उरलं यावर ठरलेली. नाना पहाटे टेप घेऊन तिथे उकिडवे बसलेले दिसले, तेव्हा दूधवाल्याला वाटलं काही हरवलंय.

मलाही बरेच दिवस वाटत होतं, की यांना वेग हवाय. मग एकदा वॅगन आरची वही माझ्या हाती आली. नाना जुन्या सवयीने नोंदी ठेवतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, फिजिओथेरपी. जोशांचा मुलगा, पहाटे तीन, लोहगाव विमानतळ. मार्केट यार्ड, हापूसच्या अकरा पेट्या, पैकी आपली एक. मुंजीचं पातेलं. वॉशिंग मशीन (जुनं) नेणं; वॉशिंग मशीन (तेच) परत आणणं. टप उंच, दार मोठं, कुणालाही न वाकता बसता येतं, म्हणून कुणीही बसतं. शास्त्रीच्या गाडीवर बसलेला तो संघ गेली कित्येक वर्षं नानांच्याच गाडीत बसलेला होता. माणसाची गाडी व्यवहारी असली की ती त्याची राहत नाही, गावकीची होते. नानांना वेग नको होता. त्यांना दोनच सीटा हव्या होत्या.

यंदा पाडव्याला ते खरोखरच गाडी चालवून बघायला गेले. मी बरोबर होतो. नाना तिच्यात बसले असं म्हणता येणार नाही; विहिरीत उतरावं तसे उतरले. विक्रेत्याने बटण दाबलं, छत उघडलं, वारा आला, नानांनी डोळे मिटले. पाच मिनिटं सगळं शास्त्रीय झालं. प्रश्न बाहेर येताना आला. आधी डावा गुडघा, मग विक्रेता, मग मी, अशा क्रमाने त्यांना वर काढलं. परतताना कर्वे पुतळ्यापर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी चांगली आहे. जमीन फार खाली आहे."

त्या रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये खुडबुड ऐकू आली. नानांनी वॅगन आरचं मागचं सीट दुमडलं होतं आणि चारही काचा खाली केल्या होत्या. शेजारच्या सीटवर वहिनी, शाल घेऊन. वॉचमनने फाटक उघडलं. तास-दीड तासाने दोघं परतली, तेव्हा वहिनींचा अंबाडा सुटला होता आणि नाना शीळ घालत होते.

सकाळी जोशी आले. "नाना, उद्या पहाटे जरा विमानतळ. आम्ही चौघं."

"आनंदाने," नाना म्हणाले, "पण मागचं सीट दुमडलं ते वरच येत नाहीये. खटका अडकलाय. आता ही दोन सीटांचीच."

"मेकॅनिकला दाखवा ना."

"दाखवलं. पार्ट मिळत नाही."

वॅगन आरचा पार्ट भारतात मिळत नाही, हे वाक्य जगात फक्त नानाच न हसता म्हणू शकतात. मी दुपारी हळूच जाऊन खटका ओढून पाहिला. सीट लोण्यासारखं वर आलं. मी ते पुन्हा दुमडून ठेवलं.

गणपतीपर्यंत तरी ते तसंच राहणार. कुंभारवाड्यातून मूर्ती आणायला ते दुमडलेलंच लागतं.